सुपडू पाटलाचा सायकलपट

४ नोव्हेंबर १९३७, दिवाळी पाडवा. शहादा.

आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी. कोणी वाचू नये. पुढेमागे फिल्म कंपनीला लागली तर नक्कल करून देईन.

संकल्प केला तो असा. पहाटे पाचला उठणे. रोज सायकलवर वीस मैल, म्हणजे सारंगखेडा आणि परत. चहा बंद, दूध चालू. आणि राग सोडणे. रागाने दम लागतो.

हे सर्व का, तेही लिहून ठेवतो. गेल्या महिन्यात मुंबईच्या एका फिल्म कंपनीचे दिलवरसिंग आमच्या कापसाच्या जिनात आले होते. मारामारीच्या बोलपटांसाठी घोडे हेरण्याचे त्यांचे काम. मी कापसाच्या गाड्यांमधून सायकल काढत थेट त्यांच्या पायाशी उतरलो. (पडलो नाही. उतरलो. जरा घाईने.) ते माझे कपडे झाडत म्हणाले, भाईसाब, आप पर तो पिक्चर बननी चाहिए. जिनातल्या अकरा माणसांनी हे ऐकले. अकराही हसले. खानदेशात गुणाची कदर नाही ती अशी.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कंपनी येणार, कॅमेरा घेऊन. तेथे कॅमेऱ्यासमोर शर्यत जिंकायची. मग सायकलवीर सुपडू पाटील यांच्या जीवनावर बोलपट. वय तेहतीस. या वेळी नाही तर केव्हाच नाही.

चित्रपटाला माल भरपूर आहे. १९३१ धुळे, चौथा नंबर. चौघेच होतो हे सांगत बसण्याचे कारण नाही. १९३३ नंदुरबार, पंक्चर. १९३४ दोंडाईचे, पुढच्याने मुद्दाम धूळ उडवली. १९३५ पंच आंधळा.

५ नोव्हेंबर. सकाळी ७.५०.

उठायला उशीर. दोष छबूचा. छबूबाई माझी पत्नी. ती चारलाच उठून लाडीला पाणी दाखवते, त्या बादलीच्या आवाजाने माझी झोप मोडते, ती भरून काढण्यात पाच वाजून जातात. तिचे म्हणणे, "मी हाका मारी मारी थकनू." ऐकू आल्या नाहीत म्हणजे मारल्या नाहीत.

लाडी म्हणजे आमची घोडी. आमची म्हणजे छबूचीच. आठ वर्षांपूर्वी कोरीटहून, छबूच्या माहेरून, शिंगरू म्हणून आली. आम्हाला मूलबाळ नाही. घरात जे काही लाड व्हायचे ते घोडीचे होतात. छबू विहिरीवर गेली की ही मागोमाग. माझ्या हातचा चारा मात्र खात नाही. मी घंटी वाजवली की कान मागे टाकते. मत्सर, दुसरे काय.

९ नोव्हेंबर.

५.४० ला निघालो. म्हणजे पाचच. पुढे शंभर कापसाच्या गाड्या, सगळ्या रस्त्याच्या मधोमध. घंटी वाजवली. बैल बाजूला झाले, गाडीवान झाले नाहीत, कारण झोपलेले. एकाने एक डोळा उघडून विचारले, "पाटील, इतली घाई कसानी? कोनी मरनं का?" अशा समाजात खेळाडू कसा वाढावा?

चौथ्या मैलाला बाभळीचा काटा. पुढच्या चाकात. दुसरा मागच्या चाकात. रस्त्याच्या कडेला बाभळी लावणाऱ्या माणसाला मी शोधून काढणार आहे. लोकल बोर्डाला खरमरीत पत्र लिहीन. मुंबईत नवे मंत्रिमंडळ आले, खड्डे जुनेच.

सायकल हातात धरून चार मैल चालत आलो. चालण्यानेही पायांना व्यायाम होतोच. सबब आजची प्रॅक्टिस पूर्ण.

दगा टपालवाला दोनदा पुढे गेला. जाताना आणि येताना. थैली पाठीला, सायकलला मडगार्ड नाही, तोंडात विडी. विडी विझत नाही याचा मला विशेष राग आहे. म्हणाला, "पाटील, हवा भरी दिऊ का?" नको म्हणालो.

१५ नोव्हेंबर.

जिनात मी वजनकाट्यावर कारकून. प्रॅक्टिसमुळे पोचायला दहा वाजले. तोवर गाड्यांची रांग नदीपर्यंत गेली होती. मॅनेजर म्हणाले, जिन की सायकल, एक ठरवा. विचार करून सांगतो म्हणालो. ते म्हणाले, विचार काट्यावर बसून करा.

या माणसाला माझ्या चित्रपटात खलनायक करणार आहे. नाव बदलणार नाही.

चहा पुन्हा सुरू. दुधाने सुस्ती येते.

१९ नोव्हेंबर.

धोतराचा सोगा चेनमध्ये गेला. उतरलो. डावा कोपर आणि हनुवटी.

छबूने हळद लावली आणि वर सल्ला दिला, की हाफ चड्डी घालावी. दगा घालतो. दगाचे सोडा! मी पाटलाचा मुलगा. सारंगखेड्याच्या जत्रेला अख्खे कोरीट गाड्या जोडून येते. सासरे येतात, चुलत सासरे येतात. जावयाने त्यांच्यासमोर उघड्या गुडघ्यांनी फिरायचे? लग्नात ज्यांनी हे पाय दुधाने धुतले त्यांना हे गुडघे दाखवायचे? त्यापेक्षा हरलेले बरे. (हे वाक्य खोडायचे आहे. हरण्याचा प्रश्न नाही.)

शर्यत धोतरावरच. सोगा जरा घट्ट खोचावा लागेल, एवढेच.

२५ नोव्हेंबर.

आज प्रॅक्टिस नाही. चित्रपटाची कथा लिहिली. तेही एक अंगच आहे.

नावाची अडचण. माझ्याआधीची दोन भावंडे गेली, म्हणून मला जन्मल्याबरोबर सुपात निजवून नाव सुपडू ठेवले. मृत्यूला फसवायला ठीक आहे, पडद्यावर कसे दिसेल? नायकाचे नाव सुरेंद्रकुमार केले. पहिले दृश्य: सुपात बाळ, मागे सायकलचे चाक फिरत आहे. घरात तेव्हा सायकल नव्हती, पण कंपनी आणील.

पत्नीचे काम थोडे ठेवले आहे. ती दारात उभी राहून निरोप देते. घोडी अजिबात नाही. सायकलवीराच्या चरित्रात घोडीचे काय काम?

दिलवरसिंगांना तिसरे पत्र टाकले. पहिल्या दोनांचे उत्तर नाही. म्हणजे तिकडे तयारी जोरात चालू असणार, लिहायला सवड नसेल.

२ डिसेंबर.

शर्यतीला प्रतिस्पर्धी मिळत नाही. भ्याड जिल्हा! सायकलवाले दोन तयार झाले होते, धोतराचे ऐकल्यावर हसत सुटले. दगा म्हणाला त्या दिवशी टपाल जास्त असते. घाबरला.

मग विचार केला की घोडेबाजारात घोड्याशीच शर्यत लावावी. सायकल विरुद्ध घोडा, नवे युग विरुद्ध जुने. डायरेक्टरला आवडेल असे. पण घोडेवाले ऐकेनात. एकजण मला म्हणाला, सायकलबरोबर पळाला असे कळले तर माझ्या घोड्याला गिऱ्हाईक यायचे नाही. या लोकांचा उद्दामपणा विसरणार नाही.

उरली लाडी.

८ डिसेंबर.

सर्व ठरले. लाडीवर हिलाल बसणार. हिलाल माझा मेहुणा, छबूचा धाकटा भाऊ, कोरीटला शेती करतो. त्याला बाजूला घेऊन समजावले, की लगाम आवळून धरायचा, लाडीला माझ्या दोन हात मागे ठेवायचे. याला लबाडी म्हणत नाहीत. नाटकात रावण रोज मरतो, त्याला कोणी लबाडी म्हणते का? हिलाल म्हणाला, "दाजी, लगाम मी धरसू. पन तिले कोन सांगी?" शेतकरी माणूस, फार खोल विचार नाही.

छबूने मात्र तांडव केले. वाळूत खड्डे असतात, जत्रेत नजर लागते, लाडीले नका उतारा. दोन वेळा जेवण वाढले नाही. शेवटी एका अटीवर कबूल झाली: शर्यत झाली की त्याच सांजेला लाडी घरी आली पाहिजे. मी शब्द दिला. पाटलाचा शब्द. तिने तो दोनदा म्हणवून घेतला, याचा राग आला.

१६ डिसेंबर. सारंगखेडा.

काल आलो. सायकल बैलगाडीत घालून आणली. चाके ताजी राहावीत म्हणून.

घोडेच घोडे. काठेवाडी, पंजाबी, मारवाडी. जिकडे पाहावे तिकडे शेपट्या. सायकल एकटी माझी. लोक तिला हात लावून पाहतात, घंटी वाजवतात आणि निघून जातात. आज तीनशे वेळा वाजली असेल.

कॅमेरा पाहिला. तिपाईवर काळी पेटी. डायरेक्टरच्या डोक्यावर टोपी, गळ्यात रुमाल. दिलवरसिंगांनी मला ओळखले. ते पाहताक्षणीच हसले. ओळख असल्याशिवाय माणूस हसत नाही. उद्या दुपारी नदीकाठच्या वाळूवर, कॅमेऱ्यासमोरून धाव. ते म्हणाले, जरूर, जरूर, गर्दीचे चित्र घ्यायचेच आहे.

कोरीटच्या बारा गाड्या आल्या. सासऱ्यांना नमस्कार केला. नवे धोतर, नऊवार लांब. इस्त्रीचे.

१७ डिसेंबर, दत्तजयंती. दुपारी ४.

स्मरणासाठी तपशील. 

सुरुवात उत्तम. पहिली दीडशे पावले मी पुढे होतो. हे कॅमेऱ्यात आहे, कोणाच्या बापाला नाकारता येणार नाही. उजवीकडे कोरीटच्या गाड्या, सासरे उभे राहिलेले. डावीकडे कॅमेरा. लाडी मागे. हिलाल शब्दाला जागला होता.

मग वाळू. वाळूत चाक रुतते हे मला कोणीही सांगितले नाही. जोर लावला. सोगा सुटला. अर्धे धोतर चेनमध्ये आणि अर्धे डोक्यावर. तोंड वाळूत. त्यानंतर काही दिसले नाही. जवळून टापा गेल्या त्या ऐकू आल्या, मग हशा. चार हजार माणसे असतील. इतका मोठा हशा मी कधी ऐकला नाही. आणि तो थांबेचना, मध्येच पुन्हा वाढला, तेव्हा कोणी थट्टेखोर माझे धोतर ओढत होता. माणूस वाळूत तोंड खुपसून पडलेला, आणि दुसऱ्यांदा हसण्यासारखे यांना काय दिसले?

दोष वाळूचा, चेनचा, धोतर विणणाऱ्याचा. आणि घोडीचा. आठ वर्षे माझ्या घरचे खाते. धनी पडला, ही आपली सरळ पुढे. जनावर ते जनावर. छबूला हे सांगणार आहे. हिलाल घोडीची बाजू सांगायला आला, त्याला हाकलून दिले.

पण एक गोष्ट. डायरेक्टर टाळ्या वाजवत होते. दिलवरसिंगांनी मला उचलून मिठी मारली. विचारले, घोडी आपकी है? म्हणालो, सगळे माझेच आहे. सांजेला बोलू, म्हणाले.

१७ डिसेंबर, सायंकाळी ६.

झाले! सौदा झाला!

घोडेबाजारात बोली तोंडाने होत नाही. दलाल रुमाल पसरतो, त्याखाली दोघांनी हात घालायचे. एक बोट दाबले की शंभर रुपये, अर्धे दाबले की पन्नास. ओठ बंद. भोवती शंभर माणसे असली तरी किंमत दोघांनाच कळते. एकदा हात सोडून राम राम म्हटले, गुलाल पडला, की ब्रह्मदेवाला मोडता येत नाही. माझ्या आयुष्याचा सौदा या आमच्या रीतीने व्हावा, हे मला फार आवडले. मुंबईचे लोक, पण आमची रीत पाळली.

कशाचा सौदा हे विचारणे गावंढळ दिसले असते. विचारले नाही. त्यांनी दोन बोटे दाबली. मी चार. दिलवरसिंग दुसऱ्या हाताने माझा खांदा थोपटत म्हणत होते, कॅमेरे में आप बहुत अच्छे आये. ते अडीचवर आले. मी साडेतीन. लगेच हो, आणि रोख! माझ्या कथेला एवढी किंमत! धुळ्याच्या पंचांना कळवले पाहिजे.

गुलाल उधळला. माझ्यावर कमी, लाडीवर जास्त पडला. वारा तिकडचा होता. डायरेक्टर लाडीच्या मानेवर हात फिरवत होते. म्हणजे तिलाही बारीकसे काम देणार. हरकत नाही, मन मोठे ठेवावे.

छबू देवळात दर्शनाला गेली आहे. लाडीला सकाळी नेऊ. शब्द दिला होता सांजेचा, पण आज कथेवर बोलायला बसणार आहेत.

१८ डिसेंबर.

कोणी बसले नाही. पहाटे खुंटा रिकामा. कंपनीची माणसे घोडे घेऊन नदी उतरून दोंडाईच्या स्टेशनकडे गेली. लाडीसुद्धा.

दलालाला गाठले. ओरडलो. तो दात कोरत म्हणाला, "बोटे तुमनीच व्हतीत ना पाटील?" भोवतालच्या दहाजणांनी माना डोलावल्या. जत्रेचा शब्द. आणि वर म्हणाला की घोडी साधीच, पण कालचे पाहून त्यांनी भाव मोजला. कालचे काय? वाळूतून सरळ पळत गेली, त्यात एवढे काय?

मी फसवला गेलो आहे. याची नोंद असावी.

सायकलवरून पाठलाग करणार होतो. चेन तुटलेली, आत धोतर.

छबू नदीपर्यंत पळत गेली. पाण्यात गुडघ्यापर्यंत उभी होती. परत आली तेव्हा एवढेच म्हणाली, "सांजले घर लई येसूत म्हनी सांगं व्हतं तुम्हीन." मग गाडीत जाऊन बसली. मी सगळी हकीकत समजावली, दलाल कसा, दिलवरसिंग कसा. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. हिलाल माझ्याकडे पाठ करून बैल जुंपू लागला. माझ्याच मेहुण्याला माझ्याविषयी काही वाटत नाही!

२२ डिसेंबर.

शांतपणे विचार केला. घोडी विकली असे म्हणणे चूक. ती शूटिंगला गेली आहे. चित्रपट निघाला की कंपनीला तिचे काय करायचे? परत पाठवतील. छबूला हे सांगितले. मिळालेली रक्कम तिच्यापुढे ठेवली, तिने तिला पाय लागणार नाही असा वळसा घेतला आणि स्वयंपाकघरात गेली.

एवढा ताठा बरा नव्हे.

१४ जानेवारी १९३८, संक्रांत.

छबूने सगळ्या आळीला तिळगूळ वाटला. दगा टपाल घेऊन आला, त्याला हातात दिला, गोड बोल म्हणाली. माझ्यापुढे वाटी ठेवली आणि भिंतीला सांगितले, "तीळगूळ ठेवा शे." मीही भिंतीला सांगितले की मला नको. मग ती गेल्यावर खाल्ला.

प्रॅक्टिस तात्पुरती बंद. रस्ता खराब आहे.

६ मार्च.

कंपनीला सातवे पत्र. कथा तयार आहे, पाठवू का? ताजा कलम, घोडी केव्हा पाठवता? फाडून पुन्हा लिहिले. ताजा कलम आधी घातला.

जिनात मला सगळे सुरेंद्रकुमार म्हणतात. कोणी फोडले कळत नाही. कदाचित मीच सांगितले असेल.

१९ जून.

छबू अजून चारला उठते. तबेल्यात जाते. बादलीचा आवाज येत नाही. पाचला जाग येते, आपोआप. उठून करायचे काय?

आज तबेल्यातली मोकळी दावण पाहून भडकलो. एखादी वस्तू लागत नसेल तर काढून टाकायला नको का? काढायला गेलो. छबू दारात येऊन उभी राहिली. नाही काढली.

२६ नोव्हेंबर १९३८. दुपारी.

आला! फिरत्या सिनेमाचा तंबू गोमाई नदीच्या काठी लागला. बैलगाडीवर ढोल आणि पाट्या. तोच बोलपट! पाटीवर कंपनीचे नाव, घोडा, तलवारवाला, एक बाई. सायकल नाही. पाटी लहान असते, सगळे कसे मावणार?

जिनात जाहीर केले. अकराच्या अकरा येणार. मॅनेजरही. त्यांना पहिल्या रांगेत बसवणार आहे, तोंड बघायचे आहे मला.

छबूला सांगितले, पाटीवरची घोडी लाडी आहे. ती हातातले पीठ न धुता उभी राहिली. येणार.

२७ नोव्हेंबर. सकाळ.

काल पाहिला. लिहिण्याची इच्छा नाही. तरी.

बायका पडद्याआड एका बाजूला, पुरुष एका बाजूला. पहिला तासभर तलवारी. माझा पत्ता नाही. मॅनेजर दोनदा मागे वळून माझ्याकडे पाहून गेले. मग जत्रा आली. वाळू, गाड्या, सासरे. मग मी.

दीडशे पावले नाहीत. चाळीस असतील. इतका जोरात पाय मारतो आहे आणि सायकल इतकी हळू चालली आहे, हे मला ठाऊक नव्हते. मग धोतर. तंबू फुटेल असे लोक हसले. शेजारच्याने माझ्या मांडीवर थाप मारली, तो नंदुरबारचा होता, त्याला माहीतही नव्हते की तो मीच आहे. जिनातले अकराजण बाकावरून खाली आले. कॅमेरावाल्यावर फिर्याद करायची हे मी तेथेच ठरवले. माझा चेहरा एकदाही नीट दाखवलेला नाही.

त्यापुढचे मी कधी पाहिले नव्हते. माझ्या डोक्यावर तेव्हा धोतर होते.

लाडी पुढे जाते. दहा-बारा ढांगा. मग थांबते. हिलाल टाच मारतो, ती ऐकत नाही. मान वळवून मागे पाहते. हिलाल लगाम ओढतो, ती त्याच्यासकट वळते आणि परत येते. माझ्यापाशी उभी राहते. मान खाली घालून मला हुंगते. मी उताणासुद्धा होत नाही, धोतरात धडपडतो आहे. ती धोतर दातात धरून ओढते. तेव्हाचा तो दुसरा हशा. ती तशीच उभी, पुढचे दोन्ही पाय माझ्या दोन्ही बाजूंना, लोक धावत येतात तरी हलत नाही.

मग लगेच तलवारवाला.

लाडी परत वळली तेव्हा बायकांच्या बाजूने छबू ओरडली, "लाडी! ये! ये वं मन्ही माय!" कोणीतरी हसले, मग पुष्कळजण हसले.

तिला घरी घेऊन आलो. ती पुढे, मी सायकल हातात धरून मागे.

३० नोव्हेंबर.

छबू रोज जाते. पहिल्या खेळाला, दिवेलागणीलाच. मी आत जात नाही. बाहेर सायकलला टेकून उभा राहतो. आत मोठा हशा होतो तेव्हा मी पडलेला असतो. थोडा वेळ जातो. दुसरा हशा येतो, तेव्हा ती परत आलेली असते. मग छबू उठून बाहेर येते. पुढचा बोलपट पाहत नाही.

कंपनीला तार केली. घोडी पाहिजे. कथेचा उल्लेख नाही.

२ डिसेंबर.

दगा आला. तारेला उत्तर नाही. माझे मागचे पत्र मात्र परत आले होते, त्यावर मुंबईच्या टपालवाल्याचा शेरा: कंपनी बंद, पत्ता नाही. दगाने पत्र दिले आणि गेला नाही. तंबूवाल्याकडे त्याने आपणहून चौकशी केली होती. आषाढात कंपनी बुडाली, घोडे लिलावात गेले. कोण कोठे, कोणाला ठाऊक नाही. काठेवाड म्हणतात, हैदराबाद म्हणतात. दगा म्हणाला, "भाऊ, मी बी लिखसू जठे तठे. टपालना मानसे शेतस मन्ह्या वळखीना."

त्याच्यावर रागवायला काही सापडले नाही. चहा दिला.

४ डिसेंबर.

वर्षभर जे लिहिले नाही ते लिहितो. कोणी वाचणार नाही.

रुमालाखाली साडेतीन बोटांवर ते हो म्हणाले तेव्हा मला कळले होते. पडलेल्या माणसाच्या गोष्टीला तेवढे कोणी देत नाही. ती घोडीची किंमत होती. मी खानदेशातला, बाजार मला लहानपणापासून ठाऊक. हात काढून घ्यायला वेळ होता. ते म्हणत होते, कॅमेऱ्यात फार छान दिसलात. मला ते आणखी ऐकायचे होते. मी हात काढला नाही.

आज हे छबूला सांगितले. परत आलेले पत्र, लिलाव आणि बोटांचेही. ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "मले माहीत व्हतं." वर्षभर माहीत होते. मी तिच्यावर ओरडणार होतो, की मग बोलली का नाहीस. ओरडलो नाही.

तांदूळ निवडून झाल्यावर तिने विचारले, तंबू आज उठला, आता कोठे जाई ऱ्हायना? भिंतीला नाही, मला विचारले. म्हणालो, सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या जत्रेला. ती म्हणाली, "मले लई जाश्यात का?"

६ डिसेंबर. पहाटे ४.३०.

निघतो आहोत. छबूने कॅरियरवर गोधडीची घडी बांधली आहे. दहा मैल, वर तिचे ओझे. वेळ काढणार नाही, घड्याळ घरीच ठेवले. हाफ चड्डी दगाची, उसनी आणली, कमरेला सैल होते म्हणून सुतळी बांधली. अख्खे कोरीट तेथे असेल. सासरेही तंबूत बसतील, मी पडतो ते पाहतील, मग बाहेर माझे गुडघे पाहतील.

छबू दारात उभी राहून विचारते आहे, की लाडी येस तवढं तरी दोनदा देखू देश्यात ना. हो म्हणालो. दोन्ही खेळांची तिकिटे काढीन.